न हललेला आकडा

पुन्हा तेच विचारताय म्हणून पुन्हा सांगतो, कार्ड मी चोरलेलं नाही. कारखान्याचे मालक काय वाट्टेल ते म्हणोत.

मी, सगळे ‘स्क्रू’ म्हणतात तो, वय तेवीस, शिक्षण सातवी नापास, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, राहणार दुकानाच्या पोटमाळ्यावर, घर लांब गावी. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मंगळवारी सकाळी अकराला बर्फाच्या कारखान्यात गेलो. मशीनघराचा कॉम्प्युटर फार जुना. हिशेबाचा नवा प्रोग्रॅम त्यावर चालेना, म्हणून मालकांनी आतला बोर्ड बदलायला सांगितला. त्याच कॉम्प्युटरवर गॅसचा प्रोग्रॅम आहे. गळणारा अमोनिया गॅस मोजणाऱ्या चार डब्यांच्या तारा एका लांब कार्डात येतात. आकडा वाढला की भोंगा वाजतो. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी नऊ वर्षांपूर्वी बंद पडली.

नव्या बोर्डात त्या कार्डाला जागाच नव्हती. मी मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “प्रोग्रॅम उघडेल ना? मग झालं तर. कार्डाचं नंतर बघू.” हे बोलणं झालं तेव्हा मशीन चालवणारे काका तिथंच होते. ते म्हणाले, “अंग नवं, अक्कल जुनीच. आमच्या साडूसारखं झालं की हे!”

बदललेला माल कारागिराचा, अशी आमच्या धंद्यात रीत आहे. म्हणून जुना बोर्ड आणि पंखा मी नेला. कार्ड नेलं ते बाजारात दाखवून नव्या बोर्डाला बसेल असा जोड मिळतो का बघायला. ते आज पिशवीतून काढून तुमच्या टेबलावर ठेवलं आहे.

सव्वा वाजता काम संपलं. प्रोग्रॅम उघडला. आठ, आठ, सहा, सात. चारही हिरवे. काकांनी चहा आणला. दोन वाजेपर्यंत आम्ही स्क्रीनसमोर बसलो. काका म्हणाले, “बघ, एक आकडा हलत नाही. गुण आहे बाबा तुझ्या हाताला.”

बुधवारी सकाळी नऊ चाळीसला काका स्क्रीन बघून आत मशीनांपाशी गेले. वास तिथं रोजचाच. गॅस गळत होता, पण भोंगा वाजला नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी हमालांनी त्यांना बेशुद्ध अवस्थेत ओढून बाहेर काढलं. मला बोलावलं तेव्हा साडेदहा झाले होते. स्क्रीनवर आठ, आठ, सहा, सात. हिरवे.

पुढचं मी काल सांगितलं नव्हतं. जुना बोर्ड काढण्याआधी स्क्रीनवर हेच आकडे होते, मी बघितले होते. कार्ड नसलं की तो प्रोग्रॅम शेवटचे आकडे धरून बसतो. चहा पिताना तारा माझ्या पायाशी मोकळ्या लोंबत होत्या. पाऊण तास आकडा हलला नाही, ते मला खटकलं होतं. पण काका कौतुक करत होते.

काका आता शुद्धीवर आहेत, घशात नळी आहे, बोलता येत नाही. काकूंनी दवाखान्यात मला एवढंच विचारलं, “हिरवं होतं ना रे, पोरा?” मी हो म्हणालो.

वरचं सगळं मला ओळ न ओळ वाचून दाखवलं. मी बोललो तसंच उतरलं आहे. कुणी दमदाटी केली नाही. सही केली.

सहीखाली एक ओळ वाढवा, साहेब. या महिन्याचे सहा हजार आईला जाणार नाहीत, काकूंना पाठवतोय.