तारेबाहेरचा निवद

जानेफळच्या थांब्यावर गोजरबाई लेक गोपाल याच्यासोबत मेहकरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. सोलरवाल्यांना वावर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं, आज कागदावर तिचा अंगठा हवा होता. शेजारी दोन अनोळखी बाया बोलत होत्या.

"काऊन व सिंधू, आखाजीले सासऱ्याच्या समाधीवर निवद नेला का नाई?"

"नेला ना. पन सोलरवाल्याले देलेल्या वावराले आता तारेचं कुंपन हाये. गेटवाला म्हने, पास दाखवा."

"सासऱ्याले जेवू घालाले पास?"

"हाव. वरून इचारते, आत कोन हाये तुमचं?"

"कागद करताना समाधीची जागा सोडून घ्याची ना बाई."

"ध्यानातच नाई आलं. बुढा वावरात हाये हे आमाले ठाऊक, कागदाले थोडंच ठाऊक?"

"मंग निवद?"

"तारेबाहेर ठेवला. कावळा नाई आला. झाडं सारे तोडले, बसन कुठं तो? काचेवर?"

गाडी लागली. गोपालनं पिशवी उचलली.

"चाल माय."

"तू जाय. मी वावरात जाऊन तुह्या बापाले इचारून येतो."

"बाबाले जाऊन सात वर्सं झाले, माय."

"झाले असतीन. पन त्याच्याकडं जायाले मले अजून पास लागत नाई."