'उणे-आय' नावाची फाइल

शिंचू शहरातील नूडल्सच्या दुकानासमोर दुपारच्या रांगेत माझ्यापुढे दोन संशोधक उभे होते. धाकट्याने उघडा लॅपटॉप तळहातावर तोलून धरला होता.

"यू-च्येन ताई, चाचणीचं फोल्डर साफ करतोय, पण ही फाइल पुसलीच जात नाही. नावच 'उणे-आय'. उणेच्या चिन्हानं सुरू होतं, म्हणून मशीनला वाटतं, ती माझी सूचनाच आहे."

"नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ दे, छाओ-वेई. मग मशीन तिला फाइल समजेल."

"गेली! आता पुसायच्या हुकमापुढे नुसता तारा, म्हणजे 'सगळं', मारतो, की उरलेला कचराही साफ."

"चाचणीच्या फोल्डरमध्ये उणे-आय कुठून आली? वरचं नाव वाच."

"'मोजमापं'... बाप रे."

"माझी तीन वर्षं आहेत त्यात! बोट कुठंय?"

"एंटरवर."

"उचल! ती फाइल मीच ठेवली होती, गाढवा. ती असली की 'सगळं पुस' म्हटल्यावर मशीन तिच्या नावाला 'विचारून पुस' ही सूचना समजतं आणि एकेका फाइलचं आधी विचारतं."

"मग प्रयोगशाळेतलं मशीन नीट चालावं म्हणून त्याच्यावर शकुनाची, खाऊची हिरवी पुडी ठेवलीय, ती?"

"पुडी मशीनसाठी. फाइल तुझ्यासाठी. परत बनव."

"बनवली."

"आता मार तारा."

"वेड लागलंय का, ताई?"

"मार."

"विचारतंय, 'पुसू का?'"

"नाही म्हण."

"दुसरीचंही विचारतंय."

"चारशे आहेत. प्रत्येकीला नाही म्हण."

"पोरा, तिखट घालू का?" दुकानातल्या मावशींनी विचारले.

"नाही! नाही! नाही!"