सोळा वर्षांचा हळवेपणा

ब्रनोच्या नेत्रदवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून बोहदाना बाकावर बसली होती. समोरचं सगळं धूसर झालं होतं, त्यामुळे शेजारच्या नवरा-बायकोचे नुसते आवाज तिच्यापर्यंत येत होते.

“लीडा, डॉक्टर म्हणाले, लेन्समुळे डोळ्यातला ओलावा लवकर उडतो. मग कोरडा डोळा चुरचुरतो आणि एकदम घळाघळा वाहायला लागतो.”

“मग आता चष्मा लाव, वोयता.”

“लावतो. पण तुला एक सांगायचं राहिलंय. सोळा वर्षं राहिलंय.”

“सांग की.”

“धरणाच्या काठी मी तुला लग्नाचं विचारलं, तेव्हा रडत होतो ना? ते रडणं नव्हतंच. रुबाब दाखवायला चष्मा घरी ठेवला होता आणि लेन्स पहाटेपासून डोळ्यांत होत्या.”

“बरं.”

“बरं काय? तुझी आई अजून माझ्यासमोर दुःखी सिनेमा लावत नाही. आणि मीही हळवा असल्यासारखा मान खाली घालून बसतो.”

“मला तुझे अश्रू दिसलेच नव्हते.”

“म्हणजे?”

“माझ्याही लेन्स चुरचुरत होत्या. मी त्या बसमध्येच काढून टाकल्या. तू नेमका कुठे उभा आहेस, तेसुद्धा धड दिसत नव्हतं. रडलास हे आईला तूच सांगितलंस, तेही तीनदा.”

“मग हो कशाला म्हणालीस?”

“तुझा आवाज कापत होता.”

“थंडी होती गं.”

“जून होता, वोयता.”