आईचं लाल बटण

हसू नका, पर त्या दिवशी मी लई भ्यालतो. आईला डोळ्यांनी नीट दिसत न्हाय, म्हणून मी छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला मोठी बटणं जोडून तिला फोन बनवून दिलता. हिरवं दाबलं की मला लागायचा, लाल दाबलं की गडहिंग्लजला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला.

दुसऱ्याच दिवशी कामावर अक्काचा फोन आला. रडत होती.

"आईचे मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल आल्यात रं! उलटा लावला तर बिझी. मी निघाले!"

मी लावला, तर बिझीच. गाडी कशी हाणली, मला ठाऊक न्हाय.

घरात शिरलो तर आई लसूण सोलत बसलेली.

"एकदाच दाबलं की मी. तिनं उचललाच न्हाय."

लाल बटण आत अडकलेलं आणि फोन आपला अक्काला लावत सुटलेला. अक्काला कळवावं, तर तिची बॅटरी उतरलेली.

अक्का आली ती दारातच आईच्या गळ्यात पडून रडली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच आलेली.

मी म्हणालो, "आजच दुरुस्त करतो."

अक्काच्या पाठीवरनं हात फिरवत आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. एका फोनात कवा आलीया ती?"