ओवीचा समुद्र

ओवीचा समुद्राचा व्हिडिओ मी बालवाडीच्या ग्रुपवर का न्हाई टाकला, विचारत होत्या ना तुम्ही? ऐका मंग. पण बाहेर बोलू नका.

मॅडमनं सांगितलं होतं, घरीच टबात समुद्र करा, अन् काय तरंगतं, काय बुडतं ते लेकरांना दाखवा. मी पाण्यात नीळ टाकली, शेततळ्याला अंथरून उरलेल्या प्लास्टिकचे मासे कापले. आमच्या जाऊबाई, म्हणजे ओवीची मोठी आई, बाजूलाच मेथी निवडून राह्यल्या होत्या. त्यांचा सोनू उन्हाळ्यात त्याच शेततळ्यात बुडून गेला. चौथीतलं पोरगं. एकटाच गेल्ता, असंच आम्ही सगळे धरून होतो.

मोबाईल चालू केला. ओवीनं चमचा टाकला. "बुडाला!" बाटलीचं झाकण टाकलं. "तरंगलं!"

मी म्हनलं, "आता तुझी चप्पल टाक."

"चप्पल तरंगती."

"टाकून तर बघ."

"बघितलंय मी. माझी चप्पल शेततळ्यात पडली होती. तरंगत होती. सोनूदादा काढायला उतरला."

जाऊबाईंच्या हातातली मेथी तशीच राह्यली. त्यांनी हळू विचारलं, "मंग गं, बाई?"

"मंग दादा बुडाला."

"अन् तू कुणालाच सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

ओवीनं झाकण बोटानं पाण्याखाली दाबलं. ते परत वर आलं.

"दादा उतरताना म्हनला होता, घरी सांगू नको, मोठी आई मारील."