गाडीतला पंखा आणि भिंतीवरची खार

अगं, पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की एसी लावला तर पंखा वारा कमी आणि खर्रखर्र जास्त करत होता. गाडी आठवडाभर बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या आमच्या बिल्डिंगखाली नुसती उभी होती. माझी रूममेट ऋचा म्हणाली, "पान अडकलं असेल. फुल स्पीडवर लाव, उडून जाईल."

लावला. आवाज थांबला.

"बघ, गॅरेजची गरजच नाही!" ऋचा म्हणाली.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर एक खार इतकी कर्कश ओरडायला लागली की मी दचकलेच. टाळ्या वाजवून हुसकावलं तिला.

मग खात्री करावी म्हणून व्हिडिओ बघत डॅशबोर्डचा कप्पा काढला आणि मागचा फिल्टर ओढला. त्यावर काथ्या, कापूस आणि मिटल्या डोळ्यांची तीन पिल्लं. दोनच वळवळत होती.

"ऋचा, मी फुलवर लावला गं!"

"मीच सांगितलं ना," ती हळूच म्हणाली.

प्राणी वाचवणाऱ्यांचा फोन लागता लागेना. पिल्लं ओढणीत धरून मी भिंतीकडे बघत बसले. भिंत रिकामी होती. शेवटी कुणीतरी फोन उचलला. "खारीची पिल्लं आहेत," एवढंच कसंबसं बोलले.

"सरी अक्का... बरं, ताई. आधी सांगा, त्यांची आई कुठंय?"