लाल टॅग आणि अर्धवट रिटर्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मेंटेनन्स विभागाचे प्रमुख माननीय बुद्धरत्न ओव्हाळ साहेब. एचआरच्या साक्षी मॅडम. ज्यांच्यासाठी आज या कॅन्टीनला फुलं लागली आहेत ते सत्कारमूर्ती, टाइम ऑफिसचे इब्राहिमभाई आतार. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या परवीनभाभी. पहिल्या शिफ्टचे, दुसऱ्या शिफ्टचे आणि तिसरी शिफ्ट संपवून झोप न घेता आलेले सर्व बंधुभगिनी. आणि भटारखान्याच्या खिडकीतून डोकावणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी विजयश्री दत्तोबा रोडगे. तुमच्यातले बरेच जण मला पोळीच्या काउंटरवर बघतात. जुने लोक मला मेंटेनन्सच्या रोडग्यांची बायको म्हणून ओळखतात. साक्षी मॅडम म्हणाल्या, "ताई, पाच मिनिटं बोला." पाच मिनिटांत मला जमणार नाही. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं वाचून वाचून आलं. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा मी शेवटपर्यंत वाचते. तेव्हा मी लिहून आणलंय, आणि लिहिलेलं सगळं वाचणार आहे. पोळ्या मात्र आज थंड मिळतील.

इब्राहिमभाईंच्या एकतीस वर्षांच्या नोकरीबद्दल माझ्या आधीचे वक्ते बोलले. हजेरी, बसचे पास, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी बदललेली शिफ्ट. ते सगळं खरंच आहे. मी फक्त एका दुपारबद्दल बोलणार आहे. त्या दुपारी मी टाइम ऑफिसात जे पाहिलं, त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

आधी एक घरातली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मेंटेनन्सवाल्यांचा नियम तुम्हाला माहीत आहे. मशीन दुरुस्तीला उघडलं की वीज बंद करून स्विचला कुलूप लावायचं आणि त्यावर नावाचा लाल टॅग अडकवायचा. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. साहेब आले तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत कुणाचा हात असेल सांगता येत नाही. आमच्या ह्यांनी हा नियम मोशीच्या आमच्या दोन खोल्यांत आणला होता. एकदा मे महिन्यात पंखा बिघडला. यांनी फ्यूज काढला, तिथे लाल टॅग लटकवला, त्यावर "द. रोडगे" लिहिलं आणि कपॅसिटर आणायला गेले. वाटेत कुणी मित्र भेटला. तीन तास! घरात जिंतूरहून आलेले पाहुणे, अंगाला घामाच्या धारा. शेजारचे म्हणाले, "वहिनी, फ्यूज लावा, निदान दुसऱ्या खोलीतला पंखा तरी फिरेल." मी म्हटलं, "टॅग आहे." कुणी हात लावला नाही. हे आल्यावर मी काय काय बोलले ते इथे वाचत नाही. ते म्हणाले, "तू हात लावला नाहीस ना? बस. माझा जीव वाचवलास."

(तुम्ही हसताय, बरं वाटलं. ओव्हाळ साहेबही हसले.)

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. दर वर्षी जुलैत जेवणाच्या सुट्टीत इब्राहिमभाई याच कॅन्टीनच्या शेवटच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतात आणि कामगारांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतात. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितात. आमचंही तेच भरायचे. पण त्या वर्षी फॉर्म सोळा हातात आल्यावर हे म्हणाले, "इब्राहिमला किती दिवस त्रास द्यायचा? पुढच्या वर्षी तो रिटायर होतोय. आपल्याला शिकायला नको?" आणि एका रविवारी सकाळी मोबाइलवर कुठली तरी रिटर्न भरून देणारी वेबसाइट उघडून बसले. एकेक रकाना चष्मा वर-खाली करत भरत होते. मी ताट वाढलं होतं. दोनदा हाक मारली.

"हे एवढं एक पान राहिलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "राहू द्या की, पळून जातंय का ते?"

ते उठले, जेवले. ते पान तसंच राहिलं. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी मोशीच्या चौकात, कंपनीची बस यायच्या आधी, ते खाली बसले आणि परत उठले नाहीत. पान पळून गेलं नाही. ते जागेवर थांबून राहिलं.

जुलैत इब्राहिमभाई घरी आले. म्हणाले, "वहिनी, दत्तोबाचं रिटर्न भरावं लागेल. कापलेला कर परत मिळेल, पोरीच्या फीला कामी येईल."

मी विचारलं, "गेलेल्या माणसाचंही भरावं लागतं?"

"भरावं लागतं. त्यांच्या वतीने वारस भरतो. सही तुमची."

वारस म्हणून नोंदणी, मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद. इब्राहिमभाई म्हणाले, "हे माझ्या आवाक्यातलं नाही," आणि ते मला चिंचवडच्या एका कर सल्लागारांकडे घेऊन गेले. तिथून रिटर्न भरलं गेलं, पडताळणी झाली, पोचपावती आली. नाव यांचं आणि त्याखाली माझं. सव्वीस वर्षांच्या संसारात मी यांच्या वतीने दुकानदाराशीसुद्धा बोलले नव्हते, आणि आता सरकारशी बोलले. तो कागद मी कितीदा वाचला असेल!

पण त्या वेबसाइटवर यांचं अर्धवट रिटर्न अजून तसंच पडून आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ऑगस्टपासून यांच्या फोनवर निरोप येऊ लागले. फोन मी बंद केला नव्हता, रोज चार्ज करते. "दत्तोबाजी, तुमचं रिटर्न अपूर्ण आहे. फक्त एक पायरी बाकी." दर आठ-दहा दिवसांनी. डिसेंबर आला तसे रोज येऊ लागले: शेवटची संधी, शेवटचे पाच दिवस.

माझी मुलगी दिव्या म्हणाली, "आई, डिलीट करून टाक ना ते."

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात तिच्यावर तेवढी कधी ओरडले नसेन. दुसऱ्याच क्षणी मनात भीती, की आपण हे तसंच ठेवलं तर सरकार म्हणेल, एका माणसाची दोन रिटर्न कशी? नोटीस आली तर? आणि एकदा, खरं सांगते, माझं बोट "पूर्ण करा" या बटणावर गेलं होतं. यांनी एवढं भरलंय, उरलेलं आपण भरावं, असं वाटलं.

शेवटी एका दुपारी जेवणाची गर्दी ओसरली तेव्हा एप्रनवरच टाइम ऑफिसात गेले. इब्राहिमभाईंनी फोन घेतला, चष्मा चढवला आणि सगळं शांतपणे वाचलं.

"वहिनी, आधी एक सांगतो, पाणी प्या. हे पान त्या वेबसाइटच्या घरचं आहे. सरकारकडे गेलेलंच नाही. सरकारला आपलं चिंचवडचं रिटर्न दिसतं, पोचपावतीसकट. अर्धवट राहिलेल्याचा दंड नाही, नोटीस नाही. फक्त ते बटण दाबू नका. दाबलंत तर एकाचे दोन होतील, मग निस्तरत बसावं लागेल. पुसून टाकू. मेसेजही थांबतील."

मी म्हटलं, "पुसू नका."

"का?"

"टॅग आहे तो," मी म्हटलं. "त्यांनी लावलाय. त्यांनीच काढायचा."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, वहिनी, वेड्यासारखं काय बोलता. दिव्या म्हणाली असती. इब्राहिमभाई उठले. फोन माझ्या हातात परत दिला, कपाटातून सुरक्षा नियमांची जाड फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"दत्तोबाने तुम्हाला नियम अर्धाच सांगितला. तुम्ही वाचणाऱ्या आहात. पुढचं वाचा. मोठ्याने वाचा."

मी वाचलं. टॅग लावणारी व्यक्ती उपलब्ध नसेल तर काय करावे. आधी गेटच्या नोंदीवरून ती व्यक्ती कारखान्यात नाही याची खात्री करावी. मग तिच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करावा. विभागप्रमुखाने स्वतः जागेवर येऊन पाहावे आणि सही करावी, मगच टॅग काढावा. काढलेला टॅग फेकू नये, फाइलला लावावा. आणि ती व्यक्ती कामावर परत येताच, काम सुरू करण्यापूर्वी, तिला हे सांगावे.

मंडळी, मी पुष्कळ वाचलंय, पण असं काही वाचलं नव्हतं. कुठल्या तरी माणसाने टेबलाशी बसून विचार केला असेल, की एखादा काम अर्धवट टाकून गेला आणि आलाच नाही तर? त्याच्या मागे राहिलेल्यांनी काय करावं? आणि त्याने लिहिलं: आधी शोधा, मग हाक मारा. लगेच पुसून टाका, असं कुठेच लिहिलं नाही. एका कारखान्याच्या फाइलमध्ये एवढी माया असेल असं मला वाटलं नव्हतं.

इब्राहिमभाई म्हणाले, "चला, नियमाप्रमाणे करू."

त्यांनी संगणकावर हजेरी काढली. "दत्तोबा रोडगे. शेवटचा पंच, बुधवार, दुपारी तीन चौतीस, आउट. कारखान्यात नाहीत." एका कागदावर तसं लिहिलं. मग टेबलावरच्या फोनवरून यांचा नंबर लावला.

फोन माझ्याच हातात वाजला.

यांचीच रिंग, यांनीच लावलेली. मी उचलला नाही. इब्राहिमभाईंनीही ठेवला नाही. पूर्ण वाजून थांबेपर्यंत त्यांनी रिसीव्हर कानाला धरला होता, जणू अजून कुणी उचलेल. मग त्यांनी कागदावर लिहिलं, "संपर्क केला. उत्तर नाही."

तिसरी पायरी ओव्हाळ साहेबांची. साहेब, तुम्हाला वर्कशॉपमधून बोलावून घेतलं. तुम्हाला कशासाठी ते ठाऊक नव्हतं. इब्राहिमभाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. तुमच्या हातावर ग्रीस होतं. तुम्ही हात पुसले, फोनमधलं ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "काम चोख केलंय दत्तोबाने. एकही आकडा चुकला नाही." आणि सही केलीत.

मी हे चिंचवडच्या कागदाशी घरी जाऊन ताडून पाहिलं. खरंच, एकही आकडा चुकला नव्हता.

मग इब्राहिमभाईंनी त्या पानाची छापील प्रत काढली. कपाटातून खराखुरा लाल टॅग घेतला आणि त्यावर लिहिलं: काम, आयटी रिटर्न. लावणारा, दत्तोबा रोडगे. काढणारी, आणि तिथे पेन माझ्या हातात दिलं. मी माझं नाव लिहिलं. पुसायचं बटण मीच दाबलं. टॅग फाइलला लागला आणि छापील प्रत त्यांनी माझ्याकडे दिली.

उठताना मी विचारलं, "भाई, शेवटची पायरी राहिली. परत येताच त्यांना सांगावे, असं लिहिलंय."

ते म्हणाले, "ते तुमच्याकडे, वहिनी. माझ्यापेक्षा तुमचं ते जास्त ऐकतात."

मी घरी जाऊन सांगितलं. काय सांगितलं, ते आमच्या दोघांत राहू द्या. त्यानंतर फोनवर निरोप आले नाहीत. पहिले काही दिवस फार शांत गेले. अजूनही शांतच आहेत. पण ही शांतता मला सोसते.

मंडळी, जानेवारीपासून दर शनिवारी मी टाइम ऑफिसात बसून रिटर्न भरायला शिकले. परवीनभाभी डब्यात माझ्यासाठी खिमा-पाव द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "एकतीस वर्षांत यांनी मला एवढं शिकवलं असतं तर मी आज कलेक्टर असते." भाभी, अजून वेळ गेलेली नाही. या जुलैत शेवटच्या टेबलावर टाइम ऑफिसच्या नव्या बाई बसतील आणि त्यांच्या शेजारी मी बसेन. आमच्या ह्यांना तेच शिकायचं होतं. इब्राहिम रिटायर होतोय, त्याला त्रास नको, म्हणून. त्यांचं पान राहिलं होतं, ते मी पुढे नेतेय. चुकले तर ओव्हाळ साहेब ग्रीसच्या हातांनी तपासतील.

आता सत्कारमूर्तींना एक विनंती. इब्राहिमभाई, तुमच्या टेबलाच्या खणात अर्धवट कागद आहेत, हे आम्हाला माहीत आहे. कुणाच्या पेन्शनचा अर्ज, कुणाच्या नावातली दुरुस्ती. आम्ही त्या खणाला एक लाल टॅग लावला आहे, त्यावर तुमचं नाव आहे. आम्ही कुणी त्याला हात लावणार नाही. नियम तुम्हीच मला वाचायला लावलात. ज्याचं नाव, त्यानेच काढायचा. तुम्ही या, हळूहळू या, चहा प्या, एकेक काढा. आधी आम्ही गेटवर पाहू. नसलात तर फोन लावू.

तुम्ही फक्त तो उचला.

साक्षी मॅडमनी मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं नाही आणि तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. मी भाषण करणारी बाई नाही. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला जास्तीचं बोलले असेन, तर ती चूक माझ्या अडाणीपणाची समजून पोटात घाला. पोळ्या गरम करून देते. नमस्कार.